सर्व्हरसाठी भाषा निवडताना: आधी कामाचं माप, मग माणसं, मग नाव

नवीन प्रोजेक्ट हातात आला की पहिल्याच बैठकीत बॅकएंड (सर्व्हरवर चालणारा भाग) कशात करायचं हा विषय निघतो. नोड (जावास्क्रिप्ट), जावा, लारावेल (पीएचपी), जँगो (पायथॉन), डॉटनेट (सी-शार्प), गो अशी नावं पुढे येतात आणि ज्याचा शब्द चालतो त्याची भाषा ठरते. दोन-तीन वर्षांनी तो माणूस नोकरी बदलतो, कोड मात्र ग्राहकाकडेच राहतो. त्या बैठकीत बसण्याआधी काय तयारी करायची, ते इथे क्रमाने सांगतो. माझं म्हणणं असं की भाषेचं नाव सगळ्यात शेवटी घ्यावं. आधी कामाचं माप काढावं, काम नेमकं कुठे अडणार ते बघावं आणि ते पुढची पाच-सात वर्षं कोण सांभाळणार हे विचारावं. एवढं केलं की यादीत बहुतेक वेळा दोनच नावं उरतात.

सगळीकडे एकच उदाहरण धरतो, तालुक्याच्या दूध संघाचं. गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध येतं. प्रत्येक उत्पादकाचं लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) नोंदवलं जातं, दरपत्रकावरून भाव लागतो, दर दहा दिवसांनी बिल निघतं. त्यातून पशुखाद्य आणि उचल कापून उरलेली रक्कम बँकेत जाते. तुमचा प्रोजेक्ट वेगळा असेल, पण प्रश्न हेच लागू पडतील.

पायरी १: कागदावर माप काढा

समजा संघाची ३०० केंद्रं आहेत आणि प्रत्येक केंद्रावर १०० उत्पादक. म्हणजे एका वेळच्या संकलनात ३०,००० नोंदी. सकाळचं संकलन दोन तास चालतं असं धरलं तर ७,२०० सेकंदांत ३०,००० नोंदी, म्हणजे सेकंदाला चारच्या आसपास. आता वाईटात वाईट दिवस धरा. नेट गेलं होतं, ते परत आलं आणि सगळ्या केंद्रांनी साठवलेल्या नोंदी दहा मिनिटांत एकदम पाठवल्या. तरी सेकंदाला ५० नोंदी होतात. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल हा डेटाबेस नीट लावलेला एक साधा सर्व्हर एवढं काम पीएचपीत, पायथॉनमध्ये, जावात, कशातही करतो.

इतकं छोटं गणित मांडलं तरी बैठकीतला अर्धा वाद मिटतो. इंटरनेटवर भाषांच्या वेगाचे जे तक्ते फिरतात, त्यात सेकंदाला लाखो विनंत्यांची तुलना असते. आपल्याला पन्नास हव्या असतील तर तो तक्ता आपल्या कामाचा नाही. उत्पादक क्रमांक आणि तारखेवर इंडेक्स (नोंद पटकन सापडावी म्हणून डेटाबेसने ठेवलेली सूची) टाकायला विसरलात, तर जगातली सगळ्यात वेगवान भाषाही डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसेल.

आता बिलाचं गणित. ३०,००० उत्पादक आणि दहा दिवसांची वीस संकलनं, म्हणजे ६ लाख नोंदींची बेरीज. डेटाबेसला हे किरकोळ आहे. पण प्रत्येक उत्पादकाचं बिल पीडीएफमध्ये द्यायचं असेल आणि एका बिलाला एक सेकंद लागत असेल, तर ३०,००० सेकंद होतात, म्हणजे आठ तास वीस मिनिटं. चार प्रक्रिया समांतर चालवल्या तर दोन तासांच्या थोडं वर. आपल्या प्रोजेक्टचं खरं ओझं इथे आहे. त्यामुळे भाषेला विचारायचा प्रश्नही बदलतो: पार्श्वभूमीला कामं रांगेत लावून चालवायची, अडलेलं काम पुन्हा उचलायची सोय चांगली आहे का? लारावेलमध्ये ही रांग आतच मिळते. जँगोबरोबर बहुतेक जण सेलरी लावतात, रूबी भाषेतल्या रेल्सवाले साइडकिक, डॉटनेटवाले हँगफायर, नोडवाले बुलएमक्यू आणि जावात स्प्रिंग बॅच आहे. म्हणजे हा निकषही कुणाला यादीतून काढत नाही, पण निदान योग्य गोष्टीवर चर्चा होते.

तुमचं गणित सेकंदाला हजारो नोंदींवर गेलं, तर मात्र गो, जावा आणि डॉटनेट यांना यादीत वर आणा. तेवढ्या ओझ्याला यंत्रं कमी लागतात आणि महिन्याच्या बिलात तो फरक दिसतो.

पायरी २: काम कुठे थांबतं ते बघा

सर्व्हरवरचा प्रोग्राम तीन कारणांनी थांबतो: डेटाबेसच्या किंवा दुसऱ्या सेवेच्या उत्तरासाठी, स्वतःच्या आकडेमोडीसाठी, किंवा हजारो जोडण्या एकाच वेळी उघड्या ठेवाव्या लागतात म्हणून. प्रत्येक तंत्रज्ञान यापैकी कशाला तरी जास्त सरावलेलं आहे.

नोड २००९ मध्ये रायन डाल यांनी आणलं. वाट बघण्यात वेळ घालवायचा नाही ही त्यामागची कल्पना. एकच धागा (थ्रेड, प्रोग्राममधला कामाचा एक प्रवाह) एक विनंती डेटाबेसकडे पाठवून लगेच दुसरी घेतो. हे उत्तम चालतं, पण त्याच धाग्यात कुणी जड आकडेमोड सुरू केली की बाकी सगळे खोळंबतात. आपल्या संघात सकाळी सात वाजता कुणी बिलाचं काम त्याच प्रक्रियेत चालवलं, तर केंद्रांच्या नोंदी अडकतील. म्हणून नोड घेतलं तर जड काम पहिल्या दिवसापासून वेगळ्या वर्कर प्रक्रियेत ठेवायचं.

पीएचपीची रीत उलटी आहे. विनंती आली की काम सुरू होतं, उत्तर गेलं की सगळं पुसलं जातं. एखादी विनंती कोसळली तर ती एकटीच कोसळते, आणि स्मृतीत हळूहळू कचरा साठण्याचा त्रास जवळपास नसतो. १९९५ पासून पीएचपी टिकून आहे, त्याचं मोठं कारण हा साधेपणा आहे असं मला वाटतं. कायम उघड्या राहणाऱ्या जोडण्या हव्या असतील तिथे ती अवघडते. पायथॉनमध्ये जीआयएल नावाच्या कुलपामुळे एका प्रक्रियेत एका वेळी एकच धागा पायथॉनचा कोड चालवतो. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये त्या कुलपाशिवायची प्रायोगिक आवृत्ती आली. पण रोजच्या वेब कामात लोक गुनिकॉर्नसारख्या सर्व्हरने अनेक प्रक्रिया चालवतात आणि भागतं. जावात सप्टेंबर २०२३ च्या २१ व्या आवृत्तीपासून व्हर्च्युअल थ्रेड (हजारोंनी चालवता येणारे हलके धागे) पक्के झाले. त्यामुळे साधा, वरून खाली वाचता येणारा कोड लिहूनही हजारो विनंत्या झेलता येतात. गोमध्ये हे गोरुटीन या तशाच हलक्या धाग्यांमुळे सुरुवातीपासून आहे.

चॅट, थेट गाडीचा माग, लिलावाची चालू बोली अशा कामात जोडण्यांची संख्या हाच मुख्य प्रश्न असतो. तिथे एलिक्सर ही भाषा जरूर बघा. ते एरिक्सनने टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेल्या अर्लांगच्या यंत्रणेवर चालतं. व्हॉट्सअ‍ॅपने अर्लांग वापरून २०१२ मध्येच एका सर्व्हरवर वीस लाखांवर जोडण्या धरल्या होत्या. दूध संघाला याची गरज नाही.

डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपने २०२० मध्ये आपली एक सेवा गोमधून रस्टमध्ये नेली, हे उदाहरण बैठकीत हमखास निघतं. तिथे गोचा कचरा वेचणारा भाग (वापरून झालेली स्मृती मोकळी करणारा) दर दोन मिनिटांनी चालायचा आणि तेवढ्यापुरता उत्तराला उशीर व्हायचा. त्यांनी तो उशीर आलेखावर मोजला, त्याचं कारण शोधलं आणि तेवढीच सेवा बदलली. तुमच्याकडे तसा आलेख नसेल तर ते उदाहरण तुमच्या कामाचं नाही.

पायरी ३: पैसे आणि देवनागरी यांची परीक्षा घ्या

बहुतेक मार्गदर्शक लेखांत ही पायरी नसते. आपल्याकडच्या प्रोजेक्टला मात्र ती चुकवून चालत नाही.

आधी पैसे. पायथॉनला २.६७५ ही साधी दशांश संख्या दोन स्थळांपर्यंत पूर्ण करायला सांगा, उत्तर २.६७ येतं. जावास्क्रिप्टमध्ये त्याच कामाच्या टूफिक्स्डलाही तेच येतं. आपल्याला २.६८ हवं असतं. २.६७५ ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत (० आणि १ मध्ये) नेमकी मावत नाही आणि आत किंचित कमी किंमत साठते, म्हणून हे होतं. उत्पादकाच्या हातातली पावती आणि संघाचं खातं यांत एका पैशाचा फरक पडला, तरी केंद्रावर वाद होतो, आणि उत्पादकाचं म्हणणं बरोबरच असतं. म्हणून भाषेत अचूक दशांश प्रकार आहे का ते विचारा. जावात बिगडेसिमल आहे, सी-शार्पमध्ये डेसिमल भाषेतच आहे, पायथॉनमध्ये डेसिमल मॉड्यूल आहे आणि जँगोचं डेसिमलफील्ड ते थेट वापरतं. पीएचपीत बीसीमॅथ लागतं. जावास्क्रिप्टमध्ये अंगभूत प्रकार नाही, तिथे सगळा हिशोब पूर्णांक पैशांत ठेवावा किंवा लायब्ररी घ्यावी. डेटाबेसमध्ये रक्कम न्यूमेरिक प्रकारातच साठवावी, भाषा कोणतीही असो.

आता अक्षरं. 'मराठी' हा शब्द घ्या आणि प्रत्येक भाषेला त्याची लांबी विचारा. पीएचपीचं स्ट्रलेन आणि गोचं लेन १५ सांगतील, कारण ते बाइट मोजतात आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. पायथॉन, जावा, जावास्क्रिप्ट आणि सी-शार्प ५ सांगतील: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. एलिक्सर ३ सांगेल, म्हणजे वाचणाऱ्याला दिसतात तेवढी अक्षरं. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत, कुठे कोणतं हवं ते तुम्हाला ठाऊक पाहिजे. पावतीवर नाव वीस अक्षरांत कापायचं असेल तर तीनवालं मोजमाप हवं, नाहीतर 'ठी'ची वेलांटी कापली जाऊन 'मराठ' छापलं जाईल. एसएमएस पाठवायचा असेल तर पाचवालं हवं: देवनागरी संदेशाला ७० चिन्हांची मर्यादा असते, ती ओलांडली की संदेश ६७-६७ चे तुकडे होऊन जातो आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. ३०,००० उत्पादकांना दिवसातून दोनदा एसएमएस जात असेल, तर एका चिन्हाने मर्यादा ओलांडल्यावर खर्च दुप्पट होतो.

नावांची यादी लावताना ळ कडे लक्ष द्या. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या) तक्त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे नुसत्या क्रमांकावर लावलेल्या यादीत 'काळे' हे 'कासार'च्या आधी येतात. वर्णमालेच्या क्रमाने ते नंतर यायला हवेत. पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या लायब्ररीतले भाषेनुसारचे क्रम वापरता येतात, म्हणून हे काम डेटाबेसवर सोपवलेलं बरं. मात्र संघाच्या जुन्या रजिस्टरला जो क्रम आहे तसाच येतो का, ते यादी छापून बघा.

शेवटी पीडीएफ. इथेच बहुतेकांचा वेळ जातो. 'किर्लोस्कर', 'क्षीरसागर', 'ज्ञानेश्वर', 'दुर्गा' ही चार नावं घेऊन निवडलेल्या लायब्ररीतून एक पान काढा. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, रफार सुटा पडला, क्ष चा क् आणि ष झाला, तर त्या लायब्ररीला लिपीची जोडणी येत नाही. पीएचपीतली जुनी एफपीडीएफ यूटीएफ-८ सुद्धा जाणत नाही, तिथे एमपीडीएफ घ्यावी लागते. जावातल्या आयटेक्स्टला भारतीय लिपींसाठी पीडीएफकॅलिग्राफ हे वेगळं जोड-मॉड्यूल लागतं, त्याचा परवाना आधी तपासा. पायथॉनमधली वीझीप्रिंट ही पँगोमार्फत हार्फबझ हे अक्षरं जोडणारं साधन वापरते, त्यामुळे जोडाक्षरं नीट येतात. कोणत्याही भाषेतून चालणारा मार्ग म्हणजे एचटीएमएल पान बनवून पडद्याशिवायच्या क्रोमियमकडून त्याची पीडीएफ काढणं. निकाल सुंदर येतो, पण स्मृती भरपूर लागते. ते ३०,००० वेळा करायचं आहे हे विसरू नका.

पायरी ४: सकाळी साडेसहाला फोन कोण उचलणार?

केंद्रावर रांग लागलेली आहे आणि नोंद होत नाही. त्या वेळी फोन कोण उचलणार आणि त्याला कोड वाचता येणार का? माझ्या मते या प्रश्नाचं वजन बाकी सगळ्या निकषांपेक्षा जास्त आहे.

आज टीममध्ये कोण आहे ते लिहा, आणि त्यातला सगळ्यात जाणता माणूस गेला तर तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात त्याच्या जागी कोण मिळेल तेही लिहा. कोल्हापूर, सांगली, नाशिकमध्ये पीएचपी आणि डॉटनेट जाणणारी मंडळी सहज भेटतात. पुण्यात जावावाल्यांना तोटा नाही. पायथॉन आता कॉलेजातच शिकून येतात, फक्त त्यांना जँगोवर उभं करायला थोडा वेळ द्यावा लागतो. एलिक्सर किंवा रस्टचा माणूस शोधावा लागतो, आणि तो सहकारी संस्थेच्या पगारात टिकेल का हे प्रामाणिकपणे विचारा.

उद्या वाढलो तर ही भाषा पुरेल का, ही भीती दर वेळी पुढे येते. २०१२ मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम विकत घेतलं तेव्हा तिथे १३ माणसं होती आणि बॅकएंड जँगोत होता. गिटहब आणि शॉपिफाय रेल्सवर मोठे झाले, फेसबुक पीएचपीवर. वाढ झाल्यावर त्यांनी कोडचे भाग बदलले, साधनं स्वतः बनवली. पण तेव्हा त्यांच्याकडे ग्राहक होते, पैसा होता आणि माणसंही होती. तुमच्या टीमला जी भाषा हातखंडा येते, तिच्यात तुम्ही लवकर पोचाल आणि चुका लवकर ओळखाल.

दोन भाषा सांभाळायची वेळ टळत असेल तर तोही मोठा फायदा. केंद्रावरचं मिल्क अ‍ॅनालायझर आणि वजनकाटा बहुधा सीरियल पोर्टला जोडलेले असतात, आणि ते वाचणारा प्रोग्राम विंडोजवर चालतो. तो जर आधीच सी-शार्पमध्ये असेल आणि लिहिणारी माणसं हाताशी असतील, तर सर्व्हरही डॉटनेटवर करणं शहाणपणाचं आहे. २०१६ च्या डॉटनेट कोअरपासून हे सगळं लिनक्सवर चालतं, विंडोज सर्व्हरचा परवाना लागत नाही.

पायरी ५: आयुष्य तपासा

दूध संघाचं सॉफ्टवेअर दहा वर्षं सहज चालतं. तेवढ्या काळात आवृत्ती किती वेळा बदलावी लागेल? पायथॉनच्या प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. पीएचपीला आता चार वर्षं, डॉटनेटच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला तीन. फ्रेमवर्कचं (भाषेवर उभारलेल्या तयार सांगाड्याचं, जसं जँगो किंवा लारावेल) आयुष्य भाषेपेक्षा कमी असतं. जँगोच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला तीन वर्षं मिळतात, लारावेलच्या प्रत्येक आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या दोनच वर्षं. लारावेल घेतलं तर दर वर्षी आवृत्ती चढवण्याचं काम करारात लिहा, फुकटात धरू नका. गोने २०१२ मध्ये १.० देताना जुना कोड मोडणार नाही असं वचन दिलं आणि ते बऱ्यापैकी पाळलं आहे. याउलट पायथॉन २ ते ३ हा प्रवास २००८ पासून सुरू होऊन १ जानेवारी २०२० ला पायथॉन २ बंद होईपर्यंत चालला.

बाहेरच्या लायब्ररी मोजून घ्या. मार्च २०१६ मध्ये नोडच्या जगात लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि त्यावर अवलंबून असलेल्या सॉफ्टवेअरची जगभरची बांधणी अडली. डिसेंबर २०२१ मध्ये जावातल्या लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत अशी भेग सापडली की बाहेरचा माणूस सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकत होता. अनेकांना ती लायब्ररी आपल्याकडे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं, कारण ती दुसऱ्या लायब्ररीच्या पोटातून आली होती. ज्या फ्रेमवर्कमध्ये लॉगिन, फॉर्म, डेटाबेसच्या रचनेतले बदल (मायग्रेशन) आणि प्रशासनाची पानं आतच मिळतात, तिथे ही यादी छोटी राहते. जँगो कॅन्ससमधल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडलं आणि २००५ मध्ये खुलं झालं. त्याचा अ‍ॅडमिन भाग बातमीदारांना वापरता यावा म्हणून झाला होता. दरपत्रक भरणाऱ्या संघाच्या लिपिकालाही तो तसाच उपयोगी पडतो.

होस्टिंगबद्दल थोडक्यात. आपल्या जवळ डेटा सेंटर आहेत: अ‍ॅझूरचं पुण्यात २०१५ पासून, एडब्ल्यूएसचं मुंबईत २०१६ पासून. दोन्हीकडे सगळ्या भाषा चालतात. संघाने आधीच स्वस्त शेअर्ड होस्टिंग (अनेकांत वाटलेला सर्व्हर) घेतलं असेल आणि बदलायची तयारी नसेल, तर पीएचपीशिवाय सोपा पर्याय सहसा नसतो. रांगेतली कामं तिथे नीट चालत नाहीत, म्हणून मी तरी संघाला छोटा स्वतंत्र सर्व्हर घ्यायला लावीन.

पायरी ६: दोघांना एकच अवघड काम द्या

इथवर दोन नावं उरली असतील. दोन्हींमध्ये एकेक आठवडा देऊन तोच एक उभा तुकडा (सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालणारा छोटा भाग) बनवा: एका केंद्राकडून नोंदी येतात, नेट तुटून त्याच नोंदी पुन्हा येतात पण दुबार साठत नाहीत, भाव लागतो, आणि शंभर उत्पादकांची देवनागरी बिलं रांगेतून पीडीएफ होऊन बाहेर पडतात. दुबार नोंद टाळायला केंद्रावरच प्रत्येक नोंदीला एकमेव क्रमांक द्या आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम) ठेवा. लॉगिनची पानं आणि रंगसंगती यात वेळ घालवू नका, ती कुठेही होतात.

मग टीममध्ये जो नवखा आहे त्याला तो कोड द्या आणि एक बदल सांगा, उदाहरणार्थ म्हशीच्या दुधाला वेगळं दरपत्रक. त्याला कुठे अडतं ते शेजारी बसून बघा. दोन्ही तुकड्यांवर हे केलं की कोणता कोड पुढे सांभाळला जाईल ते स्पष्ट दिसतं.

आपल्या उदाहरणात माझा कौल जँगो आणि पोस्टग्रेसला आहे. अ‍ॅडमिन, डेसिमल, सेलरी आणि वीझीप्रिंट या चार गरजा तिथे कमी खटपटीत भागतात. टीम पीएचपीची असेल तर लारावेल, केंद्रावरचा प्रोग्राम सी-शार्पमध्ये असेल तर डॉटनेट. नोड मी इथे घेणार नाही, कारण हे काम पैशांचं आणि जड छपाईचं आहे.

निर्णय झाला की एका पानाची नोंद कोडच्याच रेपॉझिटरीत (कोड साठवण्याच्या जागी) ठेवा. मापाचे आकडे, बघितलेले पर्याय, नाकारण्याची कारणं आणि कोणत्या परिस्थितीत हा निर्णय पुन्हा उघडायचा ते त्यात लिहा: केंद्रं ३,००० झाली, किंवा बिलाचं काम चार तासांवर गेलं, किंवा भाषा जाणणारा एकच माणूस उरला. आणि पुढच्या तपासणीची तारीख घाला, वापरत असलेल्या आवृत्तीच्या सुरक्षा दुरुस्त्या संपायच्या सहा महिने आधीची.